वळिवड्याचा पोलिश धर्मग्राम : माणसं, बराकी आणि उरलेल्या खुणा



मिरजेहून कोल्हापूरला रेल्वेने जाताना रुकडी मागे पडली की वळिवडे नावाचं एक छोटं स्टेशन लागतं. गाडी तिथं थांबली तरी फारसं कुणी बाहेर डोकावत नाही. ज्यांना कापड-चोपड ठोकात घ्यायचं असतं ते मात्र उतरतात, कारण शेजारीच गांधीनगर आहे, आणि गांधीनगरची कापडपेठ सगळ्या दक्षिण महाराष्ट्राला माहीत आहे. याच जागेवर १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहत होती. त्यांत बहुतेक बाया आणि मुलं. त्यांच्या शाळा होत्या, दवाखाना होता, नाटकाचा रंगमंच होता, आणि त्यांचं स्वतःचं कॅथलिक चर्च होतं, स्वतःच्या भाषेत उपासना चालवणारे स्वतःचे धर्मगुरू होते. म्हणजे महाराष्ट्राच्या मातीत पाच वर्षं एक अख्खा परदेशी धर्मग्राम नांदून गेला. आज आपल्याला बोलायचं आहे ते या धर्मग्रामाबद्दल आणि त्याच्या वास्तूंबद्दल.

‘धर्मग्राम’ हा शब्द इथं परभणीत फारसा कानावर येत नाही. वसईकडचे मराठी कॅथलिक तो रोज वापरतात. इंग्रजीतल्या ‘पॅरिश’ला त्यांनी केलेला हा प्रतिशब्द, आणि आम्हाला तो मूळ शब्दापेक्षाही चांगला वाटतो. कारण पॅरिश म्हणजे चर्चची इमारत नव्हे. ठराविक हद्दीत राहणारी श्रद्धावंत माणसं आणि त्यांच्या आत्म्याची काळजी वाहण्यासाठी बिशपने नेमलेला धर्मगुरू, हे दोन्ही मिळून पॅरिश होते. म्हणजे गावच झालं ते. देऊळ हा त्या गावाचा एक भाग. १९१७ साली कॅथलिक चर्चने आपले सगळे कायदे एका संहितेत आणले, त्यातही धर्मग्रामाची कल्पना मुळात हद्दीची आहे : या ओढ्यापासून त्या रस्त्यापर्यंत जो राहतो तो या धर्मग्रामाचा. भाषेवरून किंवा राष्ट्रावरून वेगळा धर्मग्राम काढायचा तर रोमची खास परवानगी लागे. आता याला कारण होतं. एका शहरात पोलिशांचं वेगळं, जर्मनांचं वेगळं, इटालियनांचं वेगळं असं सुरू झालं की ‘सर्वांचं एक’ या दाव्याचं काय उरणार? आपल्याकडे एका गावात एकाच देवाची तीन देवळं का असतात, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

पण निर्वासित माणूस हद्दीच्या व्याख्येत बसत नाही. त्याची हद्दच हिरावून घेतलेली असते. वळिवड्याच्या गोष्टीची मुळं इथं आहेत, म्हणून ती माणसं आली कशी हे आधी थोडक्यात पाहू.

१ सप्टेंबर १९३९ ला जर्मनी पोलंडमध्ये घुसला. १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत फौजा आल्या. देशाचे दोन तुकडे झाले. पूर्वेकडच्या तुकड्यातून फेब्रुवारी १९४० पासून जून १९४१ पर्यंत चार मोठ्या खेपांत लाखो माणसं उचलून सैबेरियात, उत्तर रशियात, कझाकस्तानात नेली गेली. जंगलखात्यातले नोकर, शेतकरी, शिक्षक, पोलिसांची आणि सैनिकांची कुटुंबं. रात्री दार वाजवायचं, तास-अर्ध्या तासात आवरायला लावायचं आणि मालगाडीच्या डब्यात कोंबायचं. पुढे जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावरच हल्ला केला, आणि कालचे कैदी स्टालिनला आज मित्र म्हणून हवे झाले. ३० जुलै १९४१ च्या करारानंतर या माणसांना सोडण्यात आलं. जनरल आंदर्स यांच्या हाताखाली पोलिश सैन्य उभं राहू लागलं, आणि त्या सैन्याच्या मागोमाग बायकापोरं दक्षिणेकडे निघाली. १९४२ साली कास्पियन समुद्र ओलांडून सुमारे १ लाख १५ हजार लोक इराणच्या पहलवी बंदरात उतरले. पुरुष लढाईवर गेले, पुढे इटलीत मोंते कासिनोच्या लढाईत १९४४ च्या मे महिन्यात त्यांतले कितीतरी पडले. बायका, मुलं आणि म्हातारी माणसं कुठं ठेवायची हा प्रश्न राहिला. उत्तरं जगभर विखुरलेली मिळाली : पूर्व आफ्रिका, मेक्सिको, न्यूझीलंड आणि भारत.

भारतात दोन मोठ्या वसाहती झाल्या. पहिली जामनगरजवळ बालाचडीची, मुख्यतः अनाथ मुलांची, जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांच्या आश्रयाखालची. दुसरी आणि आकाराने कितीतरी मोठी, ती वळिवड्याची. १९४६ मध्ये बालाचडी बंद झाल्यावर तिथली उरलेली मुलंही वळिवड्याला आणली गेली. मधल्या काळात पाचगणीला काही पोलिश मुलं हवापालटासाठी ठेवलेली असत, फुफ्फुसाची दुखणी फार होती त्यांच्यात.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. अलीकडे वळिवड्याचा विषय निघाला की आपण लगेच कोल्हापूरच्या उदारतेची कथा सांगू लागतो, आणि ती सांगताना इतिहास थोडा गुळगुळीत करतो. १९४३ साली कोल्हापुरात राज्य करणारे प्रौढ महाराज नव्हते. छत्रपती राजाराम महाराज १९४० मध्ये वारले होते, गादीवर दत्तक घेतलेले बालवयीन शिवाजी महाराज होते आणि कारभार रीजन्सीकडे होता. वसाहत कुठं करायची हा निर्णय हिंदुस्थान सरकारचा, खर्च मुख्यतः लंडनमध्ये आश्रयाला असलेल्या पोलिश सरकारचा, तोही ब्रिटिशांकडून मिळालेल्या उसनवारीतून. कोल्हापूर संस्थानाने जागा दिली, आणि ते कमी नाही. त्याच वर्षी बंगालमध्ये माणसं अन्नावाचून रस्त्यावर मरत होती हे लक्षात घेतलं, तर परक्या पाच हजार माणसांच्या धान्याची, दुधाची, सरपणाची रोजची सोय करणाऱ्या आसपासच्या गावांचं मोल अधिकच कळतं. पण राजाने बोलावलं आणि ते आले, एवढं सोपं ते नव्हतं. आम्हाला वाटतं, खरी हकीकत सांगितल्याने कोल्हापूरचा मान कमी होत नाही.

आता वास्तूंकडे येऊ. वळिवड्याची घरं म्हणजे ओळीने बांधलेल्या लांबलचक कौलारू बराकी. भिंती बहुतेक बांबूच्या तट्ट्यांच्या. एका बराकीचे भाग पाडून एकेका कुटुंबाला खोल्या आणि पुढे पडवी. बांधणाऱ्याच्या मनात एकच हिशोब होता : लढाई संपेपर्यंत टिकलं म्हणजे झालं. चर्चही याच जातीचं. गॉथिक कमान नाही, दगडी मनोरा नाही, रंगीत काचा नाहीत. ज्या बायकांनी विल्नो किंवा ल्वूफच्या बाजूची शेकडो वर्षांची दगडी चर्चेस पाहिली होती, त्यांच्यासमोर आता कौलांखालची एक वेदी होती.

मग अशा जागेला देऊळपण येतं कुठून? कॅथलिक परंपरेने याचं फार व्यवहारी उत्तर दिलेलं आहे. त्या काळच्या नियमाप्रमाणे मिस्सा अर्पण करायला मोठी वेदी असलीच पाहिजे असं नव्हतं, पण अभिषेक केलेला एक सपाट दगड हवा. साधारण फरशीच्या तुकड्याएवढा. त्यात हुतात्म्यांचे अवशेष एका छोट्या खाचेत बंद केलेले असतात. तो दगड कुठल्याही मेजावर ठेवला की ते मेज वेदी होतं. लष्करातले धर्मगुरू असा दगड सामानात घेऊन हिंडत. म्हणजे रणांगणावर तोफेच्या गाड्यावरही मिस्सा होऊ शकते, आणि वाळवंटातल्या तंबूतही. वारकरी मंडळींना हे सांगावं लागणार नाही. पालखीत पादुका असतात, पालखी जिथं टेकते तिथं त्या रात्रीपुरता देव असतो, आणि त्या मुक्कामाच्या जागेला कुणी दुय्यम देऊळ म्हणत नाही. ही तुलना आम्ही फार ताणणार नाही. पादुका आणि हुतात्म्याचं अस्थिशेष यांत तत्त्वाचा फरक आहे. तरी पवित्रता चालती ठेवण्याची सोय दोन्ही परंपरांना करावी लागली, हे लक्षात घेण्याजोगं आहे.

दगडाइतकीच महत्त्वाची दुसरी वस्तू म्हणजे वह्या. सोळाव्या शतकात ट्रेंटच्या धर्मपरिषदेने प्रत्येक धर्मगुरूवर स्नानसंस्काराची आणि लग्नाची नोंदवही ठेवण्याचं बंधन घातलं, आणि १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने त्यात मृत्यूची वही जोडली. आपण याला कारकुनी म्हणू. पण विचार करा, ज्या माणसाचं गाव गेलं, घर गेलं, ज्याची जन्माची कागदपत्रं सैबेरियात जाताना हरवली, त्याच्या बाळाचं नाव, आईबापांचं नाव, साक्षीदारांचं नाव एका वहीत लिहिलं जातं आणि खाली धर्मगुरूची सही होते. पुढे वीस वर्षांनी ते बाळ इंग्लंडमध्ये लग्नाला उभं राहील तेव्हा हाच उतारा मागितला जाईल. इमारत जळाली तरी चालेल, वही जळता कामा नये. धर्मग्राम कशात असतो, असं आम्हाला कुणी विचारलं तर आम्ही भिंतींच्या आधी वहीकडे बोट दाखवू.

वर्षाचं चक्र कसं फिरत असेल तेही समजून घ्यायला हवं, कारण इमारतीला अर्थ त्या चक्रामुळे येतो. पोलिश घरांत नाताळच्या आदल्या रात्री जेवणाआधी पातळ पांढरी भाकर, वेफरसारखी, एकमेकांना मोडून देतात आणि शुभ चिंततात. मेजावर एक ताट जास्तीचं मांडायची पद्धत आहे, न आलेल्या पाहुण्यासाठी. वळिवड्यातल्या जवळजवळ प्रत्येक घरात न आलेलं माणूस होतंच. कुणाचा नवरा इटलीत, कुणाचा मुलगा पॅलेस्टाइनमधल्या छावणीत, कुणाची आई कझाकस्तानात पुरलेली. मे महिनाभर मारियेची भक्ती चालते. पोलंडमध्ये तो वसंत असतो, लायलॅकची फुलं येतात. कोल्हापुरात मे म्हणजे वळवाच्या आधीची काहिली. तारीख तीच, ऋतू मात्र वेगळा. आणि नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत मृतांची आठवण करायची, कबरींवर दिवे लावायचे. आपल्याकडे पितृपक्ष नुकताच संपून दिवाळीचे दिवे लागतात, साधारण त्याच सुमाराला.

या सगळ्याचा आसपासच्या ख्रिस्ती समाजाशी काय संबंध होता? कोल्हापुरात ख्रिस्ती माणसं नवीन नव्हती. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये तिथं आले, तेव्हापासून मराठी बोलणारा ख्रिस्ती समाज उभा राहिला. पण तो प्रोटेस्टंट, प्रेस्बिटेरियन वळणाचा. साधी प्रार्थना, बायबलवाचन, मराठी गीतं. पोलिशांची लॅटिन मिस्सा, मूर्ती, मिरवणुका, मेणबत्त्या यांच्याशी त्यांचं जमण्यासारखं फारसं नव्हतं. बाहेरून बघणाऱ्याला दोघेही ‘ख्रिश्चन’. आतून पाहिलं तर भाषा, विधी, इतिहास सगळंच वेगळं. ‘अल्पसंख्य’ हा शब्द आपण इतक्या सैलपणे वापरतो म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

कॅथलिक रचनेत हा भाग पुण्याच्या धर्मप्रांतात येत होता, आणि त्या काळी पुण्याचे बिशप होते हेन्री डोरिंग. जन्माने जर्मन, जेझुइट संघाचे. १९०७ पासून पुण्यात, मधली काही वर्षं जपानमध्ये हिरोशिमाला, मग १९२७ मध्ये पुन्हा पुण्याला. काय योग आहे पहा. जर्मनीने ज्यांचा देश मोडला त्या पोलिशांचा धर्मग्राम एका जर्मन बिशपच्या धर्मप्रांतात पडला. आणि ज्या शहराच्या नावाचा धर्मप्रदेश हे बिशप पूर्वी सांभाळून आले त्या शहरावर १९४५ मध्ये अणुबॉम्ब पडला. यातून कुठला सिद्धान्त काढायचा नाही. पण राष्ट्र आणि धर्म या दोन ओळखी एका रेषेत येतातच असं समजणाऱ्यांनी हा नकाशा एकदा पाहावा.

१९४५ हे वर्ष वळिवड्याला फार जड गेलं असणार. फेब्रुवारीत याल्टाला तीन बड्या नेत्यांनी पूर्व पोलंड सोव्हिएत संघाकडे जाणार हे ठरवून टाकलं. वसाहतीतली बहुसंख्य माणसं त्याच भागातली. म्हणजे लढाई जिंकली आणि घर गेलं. जुलैच्या सुरुवातीला ब्रिटनने लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली, आणि वसाहतीचा खर्च ज्यांच्या नावावर चालला होता ते सरकारच कागदोपत्री नाहीसं झालं. पुढे आंतरराष्ट्रीय मदतसंस्थांकडे कारभार गेला. माणसांसमोर प्रश्न होता : कम्युनिस्ट पोलंडमध्ये परत जायचं, की अनोळखी देशात नवा जन्म घ्यायचा? काही परतली. सैनिकांची कुटुंबं इंग्लंडला गेली, कारण ब्रिटिश संसदेने १९४७ मध्ये पोलिशांच्या पुनर्वसनाचा कायदा केला होता. काही आफ्रिकेतल्या वसाहतींत, काही ऑस्ट्रेलियाला. थोड्या जणी इथंच राहिल्या, लग्नं करून. मुंबईतल्या पोलिश वाणिज्य दूताच्या पत्नी किरा बानासिन्स्का, ज्यांनी या निर्वासितांसाठी रेडक्रॉसचं काम केलं, त्यांचं पुढचं आयुष्य हैदराबादेत गेलं. आपली परभणी तेव्हा हैदराबाद संस्थानातच होती. १९४८ च्या सुरुवातीला वळिवडे रिकामं होत होतं, तेव्हा आपल्याच जिल्ह्यातली कुटुंबं रझाकारांच्या भीतीने घरं सोडून वऱ्हाडात आसऱ्याला जात होती. आपल्या आजी-आजोबांपैकी कुणी त्यात असेल तर त्यांनी मागे काय ठेवलं आणि बरोबर काय नेलं, हे विचारून घ्या. आता विचारायला माणसं थोडीच उरली आहेत.

वसाहत रिकामी झाली, पण बराकी रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या हिंदू निर्वासितांना त्याच बराकी दिल्या गेल्या आणि वस्तीला गांधीनगर हे नाव पडलं. कल्याणच्या लष्करी छावणीचं उल्हासनगर झालं, पिंपरीला सिंधी कॅम्प झाला, तसंच हे. यात मनाला लागणारी गोष्ट अशी, की पोलिश माणसं इराणमधून कराचीमार्गे हिंदुस्थानात आली होती. सिंधी माणसंही कराची सोडूनच आली. म्हणजे एकाच बंदरातून, पाच वर्षांच्या अंतराने, दोन उखडलेले समाज एकाच बराकीत पोचले. पहिल्यांनी तिथं क्रूस लावला होता. दुसऱ्यांनी आपली दैवतं आणली, आणि दुकानं थाटली. पुढे बराकी पडल्या, पक्की घरं, गाळे, गोदामं उभी राहिली.

इथं तत्त्वज्ञानाच्या माणसाला गप्प बसवत नाही, तेव्हा थोडं सहन करा. औरंगाबादेत बाबासाहेबांनी काढलेल्या कॉलेजला मिलिंद हे नाव आहे, ते ज्या ग्रंथावरून आलं त्यात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, की तू रथातून आलास ना, मग रथ म्हणजे काय? चाकं? आस? जू? यांपैकी एकही रथ नाही, आणि हे सगळं सोडून वेगळा रथ दाखवता येत नाही. ‘रथ’ हे व्यवहारासाठी दिलेलं नाव. नैयायिक याला विरोध करतील. ते म्हणतील, अवयव जुळले की अवयवी नावाची नवी खरी वस्तू जन्मते. आम्ही वर्गात हा वाद वर्षानुवर्षं शिकवला, आणि मुलांना तो शब्दांचा खेळ वाटत असे. वळिवड्याचा धर्मग्राम समोर ठेवला की खेळ राहत नाही. माणसं इंग्लंडला गेली, धर्मगुरू गेले, वेदीचा दगड गेला, बराकीत दुसरं कुटुंब आलं. मग धर्मग्राम गेला कुठं? आणि जे ‘गेलं’ म्हणतो ते नक्की काय होतं?

उत्तर देण्याआधी त्याच निर्वासितांच्या आणखी दोन वास्तू पाहू.

युगांडात मसिंडीजवळ न्याब्येया नावाच्या ठिकाणी पोलिशांची अशीच वसाहत होती. तिथल्या लोकांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच स्वतःच्या हातांनी पक्कं चर्च बांधलं. पोलिश निघून गेले. चर्च राहिलं, आणि आज तिथं आसपासचे आफ्रिकी कॅथलिक उपासना करतात. म्हणजे वास्तू तीच, विधी तोच, भाषा आणि माणसं वेगळी. वळिवड्याला असं होऊ शकलं नसतं का? आम्हाला नाही वाटत. एक तर बांधकाम कच्चं. दुसरं आणि खरं कारण म्हणजे, वास्तूला वारस लागतो. युगांडात वारसा घेणारा कॅथलिक समाज आजूबाजूला होता. वळिवड्याच्या आसपास तो नव्हता, आणि त्या क्षणी दारात उभे होते ते सिंधी निर्वासित, ज्यांना छप्पर हवं होतं. वारस नसलेल्या वास्तूचं काय होतं ते आपल्याला जिंतूर तालुक्यात चारठाण्याला जाऊन पाहता येईल. यादवकाळातली सुंदर देवळं, कोरीव दगड, दीपमाळ. दगड इतका टिकाऊ की शतकं गेली तरी उभा आहे. पण ज्या समाजाने ती बांधली त्याचं दैनंदिन जगणं, त्याच्या नोंदी, त्याचे नवस, काही हाताला लागत नाही. तिथं वास्तू उरली आहे आणि गाव हरवलं आहे. वळिवड्याला याच्या उलट झालं.

दुसरी वास्तू लंडनची. वळिवडे आणि आफ्रिकेतून गेलेली कुटुंबं आधी इंग्लंडातल्या लष्करी छावण्यांत, अर्धगोल पत्र्याच्या झोपड्यांत राहिली. म्हणजे पुन्हा बराकच! तिथंही एका झोपडीत वेदी. हळूहळू नोकऱ्या लागल्या, घरं झाली, आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पश्चिम लंडनमध्ये पोलिशांनी एक जुनं चर्च विकत घेतलं. ते कुणाचं होतं? स्कॉटिश प्रेस्बिटेरियनांचं. म्हणजे कोल्हापुरात ज्या पंथाचे ख्रिस्ती शेजारी होते, त्याच पंथाची रिकामी झालेली इमारत. तिला त्यांनी संत आन्जेइ बोबोला याचं नाव दिलं. सतराव्या शतकात पूर्वेकडच्या सीमाभागात मारला गेलेला हा जेझुइट, १९३८ मध्ये संत ठरलेला. देश हरवण्याच्या आदल्याच वर्षी मिळालेला संत, म्हणून या लोकांना तो जवळचा. त्या चर्चमध्ये मारियेचं एक लाकडी कोरीव शिल्प आहे. सोव्हिएत रशियात कोझेल्स्कच्या कैदी छावणीत एका पोलिश अधिकाऱ्याने ते १९४१ मध्ये कोरलं. सैन्याबरोबर ते मध्यपूर्व, इटली असं फिरत इंग्लंडला पोचलं. लाकडाचा तुकडा, हाताने उचलता येईल असा. पालखीतल्या पादुकांची आठवण व्हावी इतका प्रवास त्याने केला. त्या चर्चच्या भिंतींवर जागोजाग स्मृतिफलक आहेत, रणांगणांच्या, छावण्यांच्या आणि परत न आलेल्या माणसांच्या नावांचे. परक्याच्या भिंतींना त्यांनी नोंदवही करून टाकलं.

१९५२ मध्ये बारावे पायस यांनी स्थलांतरितांविषयी एक मोठं धर्मपत्र काढलं आणि विस्थापितांना त्यांच्या भाषेतला धर्मगुरू मिळावा अशी रीतसर व्यवस्था लावून दिली. लाटव्हिया, लिथुआनिया, युक्रेन इथून पळालेले कॅथलिक तेव्हा जर्मनीतल्या छावण्यांतून अमेरिकेपर्यंत पसरले होते, आणि सगळीकडे कथा सारखीच : आधी उसनी जागा, मग तट्ट्याची किंवा पत्र्याची वेदी, मग कुणाची तरी जुनी इमारत. नियम मागाहून आला. वळिवड्यासारख्या ठिकाणी तो आधीच जगून झालेला होता.

तेव्हा नागसेनाच्या प्रश्नाला आमचं उत्तर असं. वळिवड्याचा धर्मग्राम नुसतं नाव नव्हता, आणि त्या बराकीतही नव्हता. माणसांनी एकमेकांशी बांधून घेतलेल्या जबाबदाऱ्या म्हणजे तो : बाळाची नोंद कोण करणार, मेलेल्याला कोण पुरणार, न आलेल्यासाठी ताट कोण मांडणार. या जबाबदाऱ्या चालू राहिल्या तोवर तो चालू राहिला, लंडनला गेला तरी. त्यांतली एकच जबाबदारी अशी होती जी बरोबर नेता येत नव्हती. कबरी.

वळिवड्याला मेलेली पोलिश माणसं कोल्हापूरच्या ख्रिस्ती स्मशानभूमीत पुरलेली आहेत. जिवंत माणसं जहाजात बसली, ही मागे राहिली. नोव्हेंबरच्या त्या दोन दिवसांत त्यांच्यावर दिवे लावायला घरचं कुणी नव्हतं. बालपण वळिवड्यात गेलेली मुलं लंडनला मोठी झाली, त्यांनी भारतातल्या पोलिशांचा एक संघ स्थापन केला, आठवणी आणि कागदपत्रं गोळा करून जाडजूड ग्रंथ काढला, आणि म्हातारपणी परत येऊन १९९८ मध्ये कोल्हापूरच्या महावीर उद्यानात स्मारकस्तंभ उभारला. पुढे कबरींचीही डागडुजी झाली. वॉर्सात २०१७ मध्ये कोल्हापूरच्या उपकाराचं स्मारक झालं, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथं पुष्पचक्र वाहिलं तेव्हा वर्तमानपत्रांतून वळिवड्याचं नाव पुन्हा चार दिवस गाजलं. सरकारी समारंभ होतात ते चांगलंच आहे. पण समारंभ दर वर्षी होत नाही, आणि कबरीवरचं गवत मात्र दर पावसाळ्यात वाढतं.

बालाचडीच्या जागेवर आज सैनिकी शाळा आहे, आणि शाळेच्या आवारात पोलिश मुलांची आठवण जपलेली आहे, त्यामुळे तिथं दर पिढीतल्या मुलांना ती गोष्ट आपोआप कळते. गांधीनगरात रोज हजारो माणसं साड्या, चादरी, शर्टपीस घ्यायला येतात. त्यांच्यापर्यंत ही गोष्ट पोचवायची तर ती गांधीनगरच्या सिंधी कुटुंबांच्या गोष्टीबरोबरच सांगावी लागेल, कारण एकाच बराकीची ती दोन प्रकरणं आहेत. सिंधी वडीलधाऱ्यांपैकी ज्यांनी लहानपणी त्या बराकी पाहिल्या, त्यांच्या आठवणी कुणीतरी बसून लिहून घेतल्या पाहिजेत. खोली केवढी होती, आधीच्या लोकांच्या काय काय वस्तू सापडल्या, भिंतीवर काही लिहिलेलं होतं का. कोल्हापूरच्या विद्यापीठातल्या एखाद्या तरुण मुलामुलीने हे मनावर घेतलं तर दोन-तीन वर्षांचं काम आहे. आणि आपल्या विद्यार्थ्यांनी परभणीत रझाकारांच्या काळात घर सोडलेल्या कुटुंबांबाबत तेच करावं, वऱ्हाडातल्या त्या दिवसांत देवघर कुठं मांडलं होतं इथपासून सुरुवात करून.